सुकी धरणाच्या काठी दोन रात्री: भाड्याच्या तंबूचा आणि आखणीचा अनुभव

जळगावात मुक्कामी सहलींचे सामान भाड्याने देणारे एक लहानसे दुकान आहे. तंबू, स्लीपिंग बॅग, खाली अंथरायच्या मॅट, गॅसची शेगडी, डोक्याला बांधायचे दिवे असे सामान तेथे रात्रीच्या हिशेबाने मिळते आणि सामानाबरोबर सहलीची आखणीही करून दिली जाते. म्हणजे तंबू कोठे टाकावा, काय न्यावे आणि काय नेऊ नये, याचा एक छापील कागद हातात पडतो आणि अडले तर फोनवर विचारता येते. यंदा अनंत चतुर्दशी उलटल्यावर आम्ही चौघे, म्हणजे माझे मोठे बंधू नाना, वहिनी, बारा वर्षांचा पुतण्या आणि मी, हे सामान घेऊन रावेर तालुक्यात पालजवळ सुकी नदीवरच्या गारबर्डी धरणाच्या फुगवट्याकाठी दोन रात्री राहून आलो. पितृपक्ष लागला असताना डोंगरात झोपायला जाणारे खान्देशात तुम्हीच, असे आईने निघताना ऐकवले होते, ते येथे नोंदवून ठेवतो.

दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. जे खटकले ते मी मालकांना समोर बसून सांगितले आहे, त्यातले काही त्यांनी मान्यही केले आहे, आणि एका सहलीच्या अनुभवावरून कोणाच्या पोटावर पाय यावा असे मला वाटत नाही. शिवाय त्यांच्या चुका केवळ त्यांच्याच नाहीत. आपल्याकडे भुसावळचे तापमान उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर गेल्याची बातमी दरवर्षी येते, पावसाळा जेमतेम असतो आणि हवेतला दमटपणा ही आपण कोकणातल्या नातेवाइकांनी करायची तक्रार समजतो. त्यामुळे आपल्या भागातला कोणीही माणूस तंबू घेताना थंडीचा विचार करतो, फार तर पावसाचा करतो, पण दमट हवेचा करत नाही. या दुकानातले सगळे सामान असे डिसेंबरात तोरणमाळला जाणाऱ्यांसाठी जमवलेले आहे. भाद्रपदात सातपुड्याच्या झाडीत, भरलेल्या धरणाच्या काठी ते कसे वागते, हे मला सांगायचे आहे.

आधी जागेविषयी, कारण तिथूनच आखणी चुकायला सुरुवात झाली. पालच्या परिसराला लागून यावल अभयारण्य आहे. १९६९ साली घोषित झालेले हे अभयारण्य साग, अंजन, सालई, धावडा अशा झाडांचे आहे आणि त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरता किंवा राहता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे हा त्यात गुन्हा आहे. दुकानाच्या कागदावर मात्र याबद्दल एक अक्षरही नव्हते. तिथे "पाण्याच्या जवळ, झाडांच्या सावलीत मोकळी जागा पाहून तंबू लावावा आणि रात्री शेकोटीचा आनंद घ्यावा" असे ठळक अक्षरांत छापले होते. फोनवर विचारले तेव्हा, "काही नाही भाऊ, लोक राहतात तिथे," असे उत्तर मिळाले. आखणीचे पैसे वेगळे घेत नसले तरी हे उत्तर चालण्यासारखे नाही. लहान मूल बरोबर असताना रात्री अकरा वाजता वनरक्षकाने उठवून गाशा गुंडाळायला लावला असता, तर त्यात चूक आमचीच ठरली असती.

आम्ही नशीबवान, कारण नानांच्या ओळखीच्या एका पावरा कुटुंबाचे शेत वनहद्दीच्या बाहेर, फुगवट्याच्या वरच्या अंगाला आहे. त्यांना आठ दिवस आधी विचारले, गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घातले आणि मगच सामानाची नोंदणी केली. ज्यांची अशी ओळख नाही त्यांनी पालच्या वनविश्रामगृहाची चौकशी करावी आणि तंबूचा हट्ट सोडावा, असे माझे मत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा कागदाबरहुकूम मी पाण्याच्या अगदी कडेची सपाट जागा निवडली होती. मऊ गवत होते, समोर पाणी होते, पलीकडे डोंगराची काळसर हिरवी ओळ होती; फोटो काढायला त्याहून चांगली जागा सापडली नसती. शेतमालक बाबा काठी टेकत आले, तंबूची पिशवी उघडायच्या आतच त्यांनी काठीच्या टोकाने गवतातली एक रेघ दाखवली. वाळलेल्या काटक्या, पानांचा चुरा आणि फेसाचा पांढुरका डाग अशी ती रेघ आम्ही उभे होतो त्याच्या दोन हात वर होती. चार दिवसांपूर्वी डोंगरात पाऊस झाला तेव्हा पाणी तिथपर्यंत आले होते. भाद्रपदात धरणे भरत आलेली असतात आणि वरच्या पाणलोटात रात्री झालेल्या पावसाचा आपल्याला खाली पत्ताही लागत नाही. फुगवट्यावर पाणी निदान हळूहळू चढते. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात तंबू टाकणे तर याहून वाईट, कारण सांडव्यावरून किंवा दरवाजांतून सुटलेले पाणी थेट अंगावर येते. तापीकाठच्या लोकांना हे सांगावे लागत नाही, हतनूरचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की ते पात्राकडे फिरकत नाहीत. पण सहलीला जाणारा शहरी माणूस पात्रातल्या वाळूवरच भुलतो. कागदावर या बाबतीत एकच ओळ हवी होती, "मागच्या पुराची रेघ शोधा आणि तिच्या बऱ्याच वर राहा", आणि तीच नव्हती.

बाबांनी आम्हाला शे-सव्वाशे पावले वर, तुरीच्या बांधाजवळच्या एका टेकाडावर नेले. तिथे आम्हाला पाणी थोडेसेच दिसत होते, पण वारा लागत होता. रात्री थंड आणि ओली हवा उतारावरून खाली सरकते आणि पाण्याच्या काठच्या खोलगटात साचून राहते, त्यामुळे खालच्या जागी डास जास्त, दव जास्त आणि तंबूत घुसमटही जास्त होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम खाली उतरून पाहिले, तर आमच्या आदल्या दिवशीच्या निवडलेल्या जागेवर धुक्याचा पांढरा थर गुडघाभर उंचीवर पसरला होता आणि टेकाडावर मात्र धुके नव्हते.

आता तंबूविषयी. पावतीवर "चार माणसांचा" असे लिहिले होते. प्रत्यक्षात तीन मोठी माणसे आणि एक मूल आत झोपली की कोणाचा ना कोणाचा खांदा कापडाला लागतोच. आतला कप्पा पॉलिस्टरच्या सलग कापडाचा, त्याला वर वितीएवढी जाळी आणि एका बाजूला खिडकी; बाहेरचे पावसाचे कापड टोपीसारखे, जे तंबूचा फक्त वरचा अर्धा भाग झाकते. उभारायला सोपा, दोन लवचीक दांड्या एकमेकींवर आडव्या घातल्या की दहा मिनिटांत उभा राहतो, आणि ही गोष्ट मला आवडली, कारण पुतण्याने तो दुसऱ्या वेळी एकट्याने उभा केला. बाहेरच्या कापडाच्या चिठ्ठीवर २००० मिलिमीटर असा आकडा होता. हा आकडा म्हणजे त्या कापडावर पाण्याचा दोन मीटर उंचीचा स्तंभ उभा केला तरी कापडातून पाणी पलीकडे येत नाही, अशी हमी असते. आपल्याकडच्या साध्या पावसाला हा आकडा पुरेसा आहे.

पहिल्या रात्री नऊच्या सुमारास तासभर पाऊस झाला आणि तंबू गळला नाही. मी समाधानाने झोपलो. पहाटे चारला नाना उठून बसले आणि "अरे, गळतोय" म्हणाले. त्यांच्या कपाळावर छतावरून थेंब पडला होता. बॅटरी लावली तर छताच्या आतल्या बाजूला, शिवणीपासून दूर, सगळीकडे सारखे बारीक थेंब लगडलेले दिसले. मी बोट टेकवले तसे चार-पाच थेंब एकत्र झाले आणि मनगटापर्यंत ओघळ आला. बाहेर आकाश तर निवळले होते, चांदणे पडले होते. म्हणजे ते पाणी पावसाचे नव्हते, आमचेच होते.

याचा हिशेब सोपा आहे आणि तो दुकानदाराला माहीत असायला हवा. माणूस झोपेत श्वासातून आणि कातडीतून आठ तासांत पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चौघांचे मिळून लिटरभर होते. हवा २५ अंशांना असताना एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते, तीच हवा २० अंशांवर उतरली की सुमारे १७ ग्रॅमच मावते. धरणाकाठची हवा संध्याकाळपासूनच जवळजवळ भरलेली असते. त्यात आपली भर पडते, आणि निरभ्र रात्री तंबूचे कापड आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते, तेव्हा उरलेली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. कोरड्या डिसेंबरात ही वाफ बाहेरची हवा पिऊन टाकते, म्हणून तोरणमाळहून परतलेल्या गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नसेल. दमट जागी तंबू निवडताना किती पाऊस अडतो याहून आतली वाफ किती बाहेर जाते, हा प्रश्न मोठा असतो. आतला कप्पा जवळजवळ सगळा जाळीचा हवा, बाहेरचे कापड जमिनीपासून वीतभर वर थांबणारे पण सगळीकडून झाकणारे हवे आणि दोहोंच्या मध्ये हाताचा पंजा सहज फिरेल एवढी जागा हवी. मग बाहेरच्या कापडावर थेंब धरले तरी ते बाहेरच्या बाहेर ओघळून जातात आणि आत झोपलेल्यांच्या अंगावर पडत नाहीत.

दुसऱ्या रात्री आम्ही होते त्यातच सुधारणा केली. तंबूचे तोंड वाऱ्याकडे केले, खिडकी आणि दाराची जाळी पूर्ण उघडी ठेवली, आणि पाऊस आलाच तर म्हणून वर दोन झाडांना दोरी बांधून घरून आणलेली ताडपत्री तिरकी ताणली. ओले टॉवेल आणि बूट तंबूबाहेर, ताडपत्रीखाली. शिवाय वहिनींनी फर्मान काढले की रात्रीचा चहा तंबूच्या दारात उकळायचा नाही, कारण आदल्या रात्री मी तेच केले होते. पहाटे थेंब होते, पण छताच्या एका कोपऱ्यात आणि मोजण्याइतके. ताडपत्रीमुळे कापड थेट आकाशाखाली राहिले नाही, याचाही उपयोग झाला असणार. झाडे निवडताना मात्र वर वाळलेली फांदी नाही ना हे पाहून घ्यावे आणि एकट्या उंच झाडाखाली, विजांच्या दिवसांत, मुळीच जाऊ नये.

तंबूतली दुसरी खोड जास्त गंभीर होती आणि ती मी उभारतानाच ओळखायला हवी होती. बाहेरचे कापड पिशवीतून काढले तेव्हा त्याच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, सोडवताना आतल्या लेपाच्या पापुद्र्यांसारख्या कपच्या हाताला लागल्या आणि त्याला आंबलेल्या ताकाच्या फडक्यासारखा वास होता. वहिनींनी नाकाला पदर लावला. या कापडांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि तंबू ओलसर असतानाच गुंडाळून ठेवला की महिन्यामहिन्यांनी तो लेप दमटपणाने विघटित होतो. आधी वास येतो, मग चिकटपणा येतो, मग लेप सुटायला लागतो. अशा कापडाच्या चिठ्ठीवरच्या २००० ला काही अर्थ उरत नाही. आमच्याकडे पाऊस तासभरच पडला म्हणून निभावले. भाड्याचा तंबू घेताना दुकानातच तो पूर्ण उलगडावा, नाकाजवळ न्यावा, आतल्या बाजूने बोट फिरवावे आणि चेन दोनदा वर-खाली करून पाहावी. मी यातले काहीच केले नाही, कारण दुकानात गर्दी होती आणि मला भिडेखातर नीट पाहणे जमले नाही.

खुंट्यांबद्दल लिहिलेच पाहिजे. तंबूबरोबर आलेल्या खुंट्या वीतभर लांबीच्या, करंगळीहूनही बारीक तारेच्या होत्या. आपली काळी माती पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी होते. बांधाच्या खालच्या बाजूला मी एक खुंटी पायाने दाबून पूर्ण आत घातली आणि पुतण्याने ती दोन बोटांनी उपसून दाखवली. टेकाडावर मुरूम होता, तिथे हीच खुंटी तिसऱ्या ठोक्याला वाकली. बाबांनी मग कोयत्याने बांबूच्या हातभर लांब खुंट्या तासून दिल्या, तिरप्या ठोकल्या आणि रात्रीचा वारा त्यांनी निभावला. त्या आठही खुंट्या मी घरी आणल्या आहेत.

खाली अंथरायला दिलेली ताडपत्री तंबूपेक्षा चारी बाजूंनी हातभर मोठी होती. मला वाटले, मोठी म्हणजे बरी. पाऊस आला तसे तंबूबाहेर डोकावणाऱ्या ताडपत्रीवर पाणी साचले आणि तंबूच्या खाली सरकले; आम्ही पाण्याच्या ताटावर झोपलो होतो. खालची ताडपत्री तंबूच्या कडेच्या आत दुमडलेली हवी. ही दुकानाची चूक म्हणता येणार नाही, पण कागदावर शेकोटीच्या आनंदाऐवजी हे वाक्य जास्त उपयोगी पडले असते.

स्लीपिंग बॅग चार घेतल्या, साठ रुपये नगाने, आणि चारही वाया गेल्या. त्या पाच अंशांपर्यंतच्या थंडीसाठी बनवलेल्या होत्या. आमच्याकडे रात्री अंगातून घाम निघत होता. पुतण्या पहिल्या अर्ध्या तासात बॅगेबाहेर आला, बाकीच्यांनी त्या पूर्ण उघडून खाली अंथरल्या आणि वर घरच्या सुती चादरी घेतल्या. वहिनींनी आग्रहाने आणलेली गोधडी मात्र फसली: सुती गोधडी एकदा ओल धरू लागली की दमट हवेत वाळत नाही, दुसऱ्या रात्री ती हाताला गार आणि जड लागत होती आणि घरी आल्यावर गच्चीवर दोन उन्हे खाल्ली तेव्हा कुठे हलकी झाली. पातळ चादर दोन नगांनी जास्त न्यावी, गोधडी घरी ठेवावी. याउलट तीस रुपयांची फोमची मॅट उत्कृष्ट. तिच्यातले फोम बंद छिद्रांचे असल्याने ती पाणी पीत नाही. ओली झाली तर फडक्याने पुसली की कोरडी. तंबू न घेता दुकानातून फक्त मॅट घेतल्या तरी चालतील.

डोक्याचे दिवे चांगले होते, चार्ज दोन्ही रात्री टिकला, आणि त्यांत पिवळ्या प्रकाशाची सोय असल्यामुळे पांढऱ्या दिव्यावर झुंबड करणारे पाखरे-किडे बरेच कमी झाले. शेगडीबद्दल तक्रार नाही. पाणी आम्ही घरून दोन मोठे कॅन भरून नेले होते. ते संपल्यावर बाबांच्या विहिरीचे पाणी खळखळून उकळून घेतले. काडेपेट्या तीन नेल्या होत्या आणि दुसऱ्या सकाळी तिन्हींचा गूल ओला झाला होता, एकही काडी पेटली नाही. लायटरने काम झाले. स्वयंपाकात शनिवारी दुपारी वरण-बट्टी केली, आणि ती गोवऱ्यांवर भाजायची म्हणून गोवऱ्या घरूनच खताच्या प्लास्टिकच्या गोणीत तोंड आवळून नेल्या होत्या. शेतातले सरपण हाताने पिळले असते तर पाणी निघाले असते. बाबांच्या अंगणातल्या चुलीजवळ, त्यांच्याच परवानगीने, हा कार्यक्रम झाला. बाबांच्या घरून मक्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला तेव्हा आमच्या बट्ट्या मागे पडल्या, हे वहिनींच्या देखत मी बोललो नव्हतो.

दुकानातून घेतलेल्या वस्तूंत सर्वांत मोलाची निघाली ती फुकट मिळालेली वस्तू. जाड रबरी कापडाच्या, तोंड तीन वेळा गुंडाळून दोन्ही टोके एकमेकांत अडकवायच्या दोन पिशव्या मालकांनी "घेऊन जा, लागतील" म्हणून वर दिल्या. एकीत कपडे आणि दुसरीत औषधे, फोन, लायटर आणि साखर-चहा ठेवले. दोन दिवसांत ज्या वस्तू या पिशव्यांत होत्या त्याच काय त्या कोरड्या राहिल्या. पुतण्याची दप्तरासारखी पाठीवरची पिशवी बाहेरून कोरडी दिसत होती आणि आतले मोजे पिळण्यासारखे झाले होते.

डासांसाठी दुकानाकडे काहीच नव्हते, हे मला सर्वांत खटकले. तंबूच्या दाराच्या जाळीची चेन खालच्या वळणावर दात सोडत होती आणि तिथे दोन बोटे जातील एवढी फट राहत होती. आम्ही तिथे कापडी चिकटपट्टी लावली आणि आत घरची जुनी मच्छरदाणी दोरीवर टांगली. ओडोमॉस संध्याकाळी सहालाच उघड्या अंगाला लावला, पायजमे मोज्यांत खोचले आणि गवतात थेट बसलो नाही. पाऊस सरता सरता दाट गवतात आणि झुडपांत सूक्ष्म किडे असतात, त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. चावा कळतही नाही, ताप साधारण सहा ते एकवीस दिवसांनी येतो आणि चाव्याच्या जागी कधी कधी काळ्या रंगाची खपली दिसते. घरी परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "झाडीत राहून आलो" हे आपण होऊन सांगावे, म्हणजे औषध वेळेवर सुरू होते. आम्हाला कोणाला काही झाले नाही.

सापांबद्दल बाबांनी आमच्यापेक्षा कमी शब्दांत सांगितले, "खाली झोपू नका, बूट झटका, रात्री उजेडाशिवाय उठू नका." मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून तंबूची चेन हा केवळ डासांचा प्रश्न राहत नाही. दंश झाला तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही न करता माणसाला हलू न देता १०८ ला फोन करायचा, एवढे आम्ही निघण्याआधी मुलासकट सर्वांनी पाठ केले होते. तिथे फोनची रेंज तंबूपाशी नव्हती, बाबांच्या घराच्या ओट्यावर होती. हेही पहिल्या संध्याकाळीच पाहून ठेवले. दुकानाच्या कागदावर यातले काही नाही.

परतीचा प्रसंग तक्रारीचा आहे. सामान देताना मालकांनी बजावले होते, "भाऊ, वल्ला तंबू परत आनू नका, वाळवून आना." रविवारी दुपारी घरी पोहोचल्यावर मी तंबू गच्चीवर दिवसभर उलटा-सुलटा वाळवला, खालचा चिखल फडक्याने पुसला आणि सोमवारी संध्याकाळी नेऊन दिला. दोन रात्रींचे भाडे १,७८० रुपये झाले होते आणि अनामत ३,००० होती. काउंटरवरच्या मुलाने कापड उलगडले, वास घेतला आणि "ओला ठेवलाय तुम्ही, कोटिंग गेले" म्हणून अनामतीतून ६०० रुपये कापले. जो लेप वर्षभराच्या ओल्या घड्यांनी गेला, तो आमच्या दोन रात्रींच्या माथी मारला गेला. माझ्याकडे सामान घेतानाचा एकही फोटो नव्हता. पुतण्याने मात्र तंबू उभारताना चिकटलेल्या घड्यांचा आणि हातावरच्या कपच्यांचा फोटो, वास येतो म्हणून गंमत म्हणून, काढून ठेवला होता. तो दाखवल्यावर मुलाने मालकांना फोन लावला आणि मालकांनी ६०० पैकी ५०० परत द्यायला सांगितले. उरलेले शंभर कशाचे, हे मी विचारले. चिखलाचे, असे उत्तर मिळाले. त्यावर मी वाद घातला नाही.

यावरून गुण द्यायचे तर सामानाला पाचपैकी अडीच देईन, कारण मॅट, दिवे आणि कोरड्या पिशव्या चांगल्या होत्या, तंबू वाईट होता आणि स्लीपिंग बॅग आमच्या ऋतूच्या नव्हत्या. आखणीला दीड देईन. ज्यांना कार्तिकात किंवा मार्गशीर्षात कोरड्या टेकडीवर जायचे आहे त्यांना हे दुकान पुरेसे आहे आणि भाडेही वाजवी आहे. श्रावण ते आश्विन या काळात पाण्याकाठी जायचे असेल तर येथून मॅट, दिवे, शेगडी आणि कोरड्या पिशव्या घ्याव्यात. स्लीपिंग बॅग सोडल्या तरी आमच्या हिशेबाने ४८० रुपये वाचतात, त्यात मच्छरदाणी, लायटर आणि चांगल्या दोरीची सोय होते. तंबू मात्र आतून जाळीचा असल्याची खात्री पटेपर्यंत घेऊ नये.

हे मी मालकांना सांगितले तेव्हा त्यांनी कागद पुढे ओढून शेकोटीची ओळ माझ्यासमोरच पेनने खोडली आणि पुराच्या रेघेबद्दल मी काय म्हटले ते समासात लिहून घेतले. घटस्थापनेच्या आधी त्यांचा फोन आला, की आतून जाळीचे दोन तंबू नवे मागवले आहेत, येऊन पाहा. मी गेलो, तंबू दुकानातच उलगडायला लावला, हात आत घालून जाळी पाहिली, दोन्ही कापडांमधून पंजा फिरवून पाहिला. सगळे नीट आहे. खुंट्यांची पिशवी उघडली, तर त्या अजून तारेच्याच आहेत.